पन्नास नोंदी आणि दोन वर्षे

संत्र्याची नवी बाग लावणारा मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरचा शेतकरी आधी रोपवाटिका पारखतो. खुंट जंबेरीचा आहे ना, डोळा कोणत्या झाडाचा घेतला, हे तो खोदून विचारतो. कारण फसगत झालीच, तर ती कळायला झाडाला फळ धरेपर्यंत थांबावे लागते. त्याच घरातले जोडपे लेकरासाठी नागपूरची वाट धरते, तेव्हा मात्र 'आयव्हीएफ'च्या फलकाखाली असे काही विचारायची कोणाची हिंमत होत नाही. डॉक्टर हे काम कुठे शिकले? आणि ज्या रुग्णालयात शिकले, त्याला शिकवण्याची मान्यता कोणी दिली?

मागच्या भागात केंद्रांच्या नोंदणीचा विषय झाला. २५ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या साहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने ती नोंदणी सक्तीची केली. पण नोंदणी मिळते ती उपचारासाठी. शिकवण्याची मान्यता हा वेगळा कागद आहे आणि तो फार थोड्या रुग्णालयांकडे असतो.

दोन्हींतली दरी नियमांतच दिसते. आयव्हीएफ करणाऱ्या दुसऱ्या स्तराच्या केंद्रात स्त्रीरोगतज्ज्ञाने प्रशिक्षित तज्ज्ञाच्या देखरेखीखाली किमान ५० वेळा स्त्रीबीज काढल्याची नोंद असली, तर ती पात्रता धरली जाते. प्रजननवैद्यकातील उच्च पदवी किंवा फेलोशिप आणि सोबत अनुभव, हा दुसरा मार्ग. पन्नास वेळा सुई नेमकी टोचता आली की हात बसतो, हे खरे. पण क्षयामुळे गर्भनलिका बंद झाल्या आहेत का, दोष नवऱ्याच्या शुक्राणूंत आहे का, साध्या औषधांनी काम भागेल का, हे ओळखायला त्या पन्नास नोंदी शिकवत नाहीत. आयव्हीएफ कोणाला करू नये, हे कळणे यातली सर्वांत अवघड विद्या. तिला वेळ लागतो.

तो वेळ देणारे मार्ग देशात मुख्यतः दोन. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या अखत्यारीतला तीन वर्षांचा एमसीएच, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय परीक्षा मंडळाची दोन वर्षांची एफएनबी फेलोशिप. हे मंडळ १९७५ मध्ये सुरू झाले, १९८२ मध्ये स्वतंत्र झाले. एमबीबीएसची साडेपाच वर्षे, स्त्रीरोगशास्त्राची तीन, त्यावर ही दोन किंवा तीन. म्हणजे बारावीनंतर साडेदहा ते साडेअकरा वर्षे, तीही कुठे खंड पडला नाही तर. रुग्णालयाने परीक्षा मंडळाकडे शिकवण्याच्या मान्यतेसाठी अर्ज केला की त्या विषयातला जाणकार पाहणीला येतो. शिकवणारे पूर्णवेळ तज्ज्ञ किती, प्रयोगशाळा कशी, वर्षभरात रुग्ण किती आणि कोणत्या प्रकारचे, ग्रंथालय, विद्यावेतन, सगळे तपासले जाते. मान्यता ठराविक मुदतीची असते. ती संपली की पुन्हा पाहणी.

कागदावर हे चोख आहे. खरी अडचण शस्त्रक्रियागृहाच्या दारात सुरू होते. खासगी केंद्रात सुसज्ज प्रयोगशाळा असते, पण शेत गहाण टाकून आलेल्या बाईला शिकाऊ हात नको असतो, आणि त्यात तिचे काय चुकले? मग फेलो दिवसभर सोनोग्राफी करतो, फायली भरतो आणि गर्भरोपण वरिष्ठ करतात. सरकारी रुग्णालयात शिकण्याजोगे रुग्ण रांगेत उभे असतात, पण बहुतेक ठिकाणी भ्रूण वाढवायची प्रयोगशाळाच नसते. म्हणून पाहणीला आलेल्याने यंत्रे मोजण्याआधी फेलोची नोंदवही उघडावी. पाहिलेल्या आणि स्वतः केलेल्या प्रक्रिया तिथे वेगवेगळ्या दिसतात.

रुग्ण आणि प्रयोगशाळा एकत्र आल्यावर काय होते, हे मुंबईने १९८६ मध्येच पाहिले. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा होत्या. परळमधल्याच प्रजनन संशोधन संस्थेत, आजच्या एनआयआरआरसीएचमध्ये, डॉ. टी. सी. आनंदकुमार होते. महापालिकेच्या रुग्णालयातल्या बायका आणि संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ यांची सांगड बसली आणि ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षा चावडाचा जन्म झाला. भारतातले हे शास्त्रीय नोंदींसह सिद्ध झालेले पहिले टेस्ट ट्यूब बाळ.

त्याआधी आठ वर्षे, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून दुर्गा जन्मली होती. पश्चिम बंगाल सरकारने त्यांचा दावा तपासायला समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद एका रेडिओ-भौतिकशास्त्रज्ञाकडे दिले! दावा फेटाळला गेला. पुढे मुखोपाध्यायांची बदली नेत्रविज्ञानाच्या संस्थेत झाली. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. त्यांच्या नोंदी अभ्यासून १९९७ मध्ये त्यांना श्रेय दिले ते आनंदकुमार यांनीच, स्वतःच्या 'पहिल्या'पणावर पाणी सोडून. तपासणाऱ्याला विषय कळत नसेल तर काय घडते, याचे याहून कडू उदाहरण भारतीय वैद्यकात क्वचितच सापडेल.

आता पुन्हा पांढुर्णा-सौंसरकडे. पांढुर्णा ५ ऑक्टोबर २०२३ रोजी छिंदवाड्यातून वेगळा जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. छिंदवाड्याचे वैद्यकीय महाविद्यालय २०१९ चे. जवळचे मोठे वैद्यकीय शहर मात्र राज्याच्या सीमेपलीकडचे नागपूर. तिथे १९४७ चे मेडिकल कॉलेज आहे आणि एम्सही. प्रजननवैद्यकाचे सरकारी प्रशिक्षण या दोन्ही तालुक्यांच्या आवाक्यात आणायचे, तर रुग्णांचा तोटा नाही. हवी ती प्रयोगशाळा, आणि ती चालवणारी माणसे टिकवणे. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाने २०२३ मध्ये मोफत आयव्हीएफ सुरू केले. सरकारी दवाखान्याला हे झेपत नाही, ही सबब त्यामुळे लंगडी पडते.

तोवर नागपूरला जाणाऱ्या जोडप्याने केंद्राचा नोंदणी क्रमांक तर मागावाच, शिवाय डॉक्टरांनी प्रजननवैद्यकाचे शिक्षण कोणत्या रुग्णालयात आणि किती काळ घेतले, हेही सरळ विचारावे. चांगले डॉक्टर त्याने रागावत नाहीत.

पुढच्या आठवड्यात भ्रूणतज्ज्ञाविषयी. भ्रूण हाताळणारी ही व्यक्ती रुग्णाला बहुधा भेटतही नाही.