वनाधिकारी ते संमेलनाध्यक्ष

लेखक व्हायचंय, पण नोकरी सुटत नाही? मग सोलापूरचे मारुती चितमपल्ली वाचाच!

📌 जन्म १९३२, सोलापूर. शिक्षण दयानंद कॉलेजात, मग कोइमतूरला वनशास्त्राचं.
📌 वनखात्यात १९९० पर्यंत नोकरी. कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट... जंगलातल्या नोंदी आणि आदिवासींकडून ऐकलेले शब्द पुढे पुस्तकांत उतरले.
📌 'पक्षी जाय दिगंतरा', 'रानवाटा', 'पक्षिकोश', आत्मचरित्र 'चकवाचांदण'.
📌 २००६ मध्ये सोलापुरातच भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. २०२५ मध्ये पद्मश्री; त्याच वर्षी जूनमध्ये सोलापुरात निधन.

नोकरीनंच त्यांना विषय पुरवला. तुमच्या कामातलंही असं बरंच काही इतरांना ठाऊक नसतं. रोज चार ओळी टिपून ठेवा.

चितमपल्ली वाचायला सुरुवात कुठून? 'रानवाटा'पासून. तुमचं आवडतं पुस्तक कोणतं?