पाळी गेली, सांधे धरले

"पाळी गेली की सांधे धरायचेच," असे आई म्हणत राहिली आणि तिची बोटे वाकडी झाली. तो आमवात होता. त्यात शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो दुपटी-तिपटीने आढळतो. पुष्कळदा रजोनिवृत्तीच्या सुमारास सुरू होतो.

गरोदरपणात हा आजार ओसरतो आणि बाळंतपणानंतर परततो, हे अमेरिकेतल्या फिलिप हेंच यांनी १९३८मध्ये नोंदवले. आराम देणारे ते द्रव्य शोधताना त्यांनी १९४८मध्ये कॉर्टिसोन वापरून पाहिले; १९५०मध्ये नोबेल मिळाले. इस्ट्रोजेन घटल्याने दाहावरचा लगाम सैल होत असावा. पण नुसते इस्ट्रोजेन देणे हा आमवातावरचा उपचार नव्हे.

सकाळचा ताठरपणा रोज तासभर टिकत असेल, तर वयाला दोष देऊ नये. वेळीच औषध सुरू झाले, तर सांधे वाचू शकतात.