कान देऊन शिकलेली हिब्रू

साठी उलटलेल्या बाईने काय शिकावे, याविषयी आपल्या समाजाची मते मोठी ठाम आहेत. गीतेचे अध्याय पाठ करावेत, पेटी शिकावी, अगदीच हौस असेल तर मोडी लिपी शिकावी. या यादीत हिब्रू कुठेच बसत नाही. त्यामुळे मी हिब्रू शिकते म्हटले की समोरचा माणूस आधी विचारतो, "म्हणजे ती बायबलातली का हो?" आणि लागलीच दुसरा प्रश्न येतो, "पण कशाला?" कशाला, ते पुढे ओघाने येईलच. आधी पहिल्या प्रश्नाचे पाहू.

बायबलातली, हे खरेच. पण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास ही भाषा घराघरांतल्या बोलण्यातून गेली आणि पुढे सुमारे सतराशे वर्षे प्रार्थनेची, ग्रंथांची आणि विद्वानांच्या पत्रव्यवहाराची भाषा होऊन राहिली. आपल्या संस्कृतसारखीच म्हणा ना! तिच्यात शास्त्रार्थ करता येई, पण भाजीवाल्याशी घासाघीस करता येत नसे. १८८१ साली एलिएझेर बेन-येहूदा नावाचा तेवीस वर्षांचा तरुण जेरुसलेमला येऊन राहिला आणि घरात हिब्रूखेरीज दुसरी भाषा बोलायची नाही, असा त्याने नेम केला. १८८२ मध्ये त्याला मुलगा झाला. बाळ म्हटले की बाहुली आली, टॉवेल आला, पुढे आइसक्रीमही आले. आणि यांतल्या कशालाच जुन्या ग्रंथांत शब्द नव्हता. बापाने ते एकेक घडवले.

हा गृहस्थ पेशाने वर्तमानपत्रकार. नवे शब्द घडवायचे आणि आपल्या पत्रातून ते लोकांच्या गळी उतरवायचे, हा त्याचा उद्योग. 'वर्तमानपत्र' हाच शब्द त्याने 'एत' म्हणजे काळ यावरून 'इतोन' असा केला. शिवरामपंत परांजप्यांनी १८९८ मध्ये आपल्या पत्राचे नाव 'काळ' ठेवले, त्याची येथे आठवण होते. सावरकरांचे 'महापौर' आणि 'दिनांक' जसे आपल्याकडे रुजले, तसे बेन-येहूदाचेही पुष्कळ शब्द रुजले. काही मात्र लोकांनी साफ नाकारले. टोमॅटोला त्याला 'बदूरा' म्हणायचे होते, पण बाजारात 'अगवानिया' जिंकला. त्याचा सतरा खंडांचा कोश पुरा झाला १९५९ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर सदतीस वर्षांनी.

इस्राएल राष्ट्र १९४८ मध्ये झाल्यावर देशोदेशींचे लोक तेथे आले, तेव्हा त्यांच्यासाठी १९४९ पासून 'उल्पान' नावाचे भाषावर्ग निघाले आणि १९५१ मध्ये 'ओमेर' नावाचे सोप्या भाषेतले, सगळी स्वरचिन्हे घालून छापलेले दैनिकही निघाले. म्हणजे वर्तमानपत्र वाचत भाषा शिकणे हा काही माझा शोध नव्हे. तेथे ती रीतच आहे.

आळीतली ओळख

आणि हिब्रू आपल्याला अगदी परकी तरी कुठे आहे? मी अलिबागची. आमच्या गावात इस्राएल आळी आहे, सभास्थान आहे. कोकणातले बेने इस्राएल लोक तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी ते बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांची मायबोली मराठीच. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले ते याच मंडळींसाठी. वल्हांडण सणाची हिब्रू-मराठी पोथी मुंबईत १८४६ साली छापली गेली आहे.

त्या आळीतली एक मुलगी माझी जिवाभावाची मैत्रीण. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. लग्न करून १९७१ मध्ये ती इस्राएलला गेली, ती दिमोना नावाच्या वाळवंटातल्या गावी. तेथे मराठी घरे पुष्कळ. पन्नास वर्षे आमची पत्रे चालली, पुढे टेलिफोन आला. पत्रे मराठीत, पण हळूहळू त्यांत खडे लागू लागले. "घरात सगळा बालागान झाला आहे," असे ती लिही. बालागान म्हणजे सावळागोंधळ, हे मी संदर्भाने जाणले. असे शब्द मी वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवीत असे. २०२० ची टाळेबंदी आली, घराबाहेर पडायची सोय नव्हती, तेव्हा ती वही पुढून उघडली.

अक्षरे आणि अडचणी

हिब्रूची अक्षरे बावीस. पाच अक्षरांना शब्दाच्या शेवटी निराळे रूप. लिहायचे उजवीकडून डावीकडे. पंधरा दिवसांत अक्षरे आली आणि खरी अडचण तेव्हा कळली. काना-मात्रा-वेलांटी नाहीच! म्हणजे ठिपक्यांची स्वरचिन्हे आहेत, पण ती मुलांच्या पुस्तकांत, कवितेत आणि प्रार्थनेच्या पोथीत. वर्तमानपत्रात नुसती व्यंजने. स-फ-र ही तीन अक्षरे दिसली की 'सेफेर' वाचले तर पुस्तक, 'सपार' वाचले तर न्हावी, आणि 'सफार' वाचले तर 'त्याने मोजले'. प आणि फ यांना अक्षर एकच. शब्द आधी कानाला ठाऊक असेल, तरच डोळ्यांना वाचता येतो. म्हणून ही भाषा आधी ऐकायची आणि मग वाचायची, हे मी ठरवून टाकले. मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून नोकरी केलेली. ऐकणे हा माझा जन्माचा धंदा.

मराठी माणसाला काही गोष्टी मात्र फुकट मिळतात. 'मी शिकतो', 'मी शिकते' हा भेद इंग्रजांना जड जातो. हिब्रूत पुरुष 'अनी लोमेद' म्हणतो आणि बाई 'अनी लोमेदेत' म्हणते, आपल्याला त्यात नवल ते काय? संस्कृतातल्या द्विवचनासारखे 'योमायिम' म्हणजे दोन दिवस. एकोणीस वर्षांत सात वेळा अधिक महिनाही येतो! शब्द एका धातूच्या तीन व्यंजनांतून फुटतात. क-त-व म्हणजे लिहिणे; त्यावरून 'मिख्ताव' म्हणजे पत्र, 'क्तोवेत' म्हणजे पत्ता, 'कतावा' म्हणजे बातमीदाराचा लेख. अरबी ही हिब्रूची बहीण, आणि फारसीच्या हातून अरबी शब्द आपल्याकडे कधीच आले आहेत. त्यामुळे आपला 'किताब' याच कुळातला, आपला 'सलाम' त्यांच्या 'शालोम'चा भाऊ, आपला 'हिशेब' आणि त्यांचा 'महशेव' म्हणजे संगणक, हेही एकाच धातूचे. तारखेला तर ते 'तारीख'च म्हणतात.

चुटपुट लागते ती नात्यांची आणि अहो-जाहोची. काका, मामा, मावशीचे यजमान, सगळे 'दोद'. मावशी, मामी, आत्या, सगळ्या 'दोदा'. आणि मास्तरांना काय, मंत्र्यांना काय, सर्रास 'तू'. आमचे हे म्हणाले, "मग तुला ही भाषा जमणार. घरात तू हल्ली कोणाला 'अहो' म्हणतेस?"

सातच्या बातम्या

तेथल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेचे २०१७ पासूनचे नाव काय असावे? 'कान'! हिब्रूत कान म्हणजे 'येथे'. मला तो शुभशकुनच वाटला. इंटरनेटवर हा रेडिओ घरबसल्या लागतो. तेथले सकाळचे सात म्हणजे हिवाळ्यात आपले साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेनऊ. कुकर उतरवून निवांत बसायची वेळ.

पहिले तीन महिने मला नावांखेरीज काही कळले नाही. पण बातम्यांची एक खुबी असते. तीच बातमी तासातासाने पुन्हा येते. सात वाजता भिंत वाटलेल्या वाक्याला आठ वाजता एक फट दिसते, नऊ वाजता त्यातून एक शब्द हाती लागतो. संध्याकाळी तीच बातमी वर्तमानपत्राच्या इंटरनेट आवृत्तीवर शोधायची. सकाळी कानांनी ऐकलेला शब्द नुसत्या व्यंजनांत डोळ्यांपुढे आला की ओळखीचे माणूस गर्दीत दिसल्यासारखे वाटते. दिवसाला पाच शब्द, त्याहून जास्त टिपायचे नाहीत, हा नेम.

बातम्यांतली सगळ्यांत सोपी गोष्ट शेवटचे हवामान. गरम, थंड, ढगाळ, पाऊस, एवढाच संसार. पाऊस म्हणजे 'गेशेम'. तो तेथे पडत नाही, 'उतरतो'. मोसमातल्या पहिल्या पावसाला 'योरे' आणि शेवटच्याला 'मल्कोश' असे निराळे शब्द आहेत. मृगाचा आणि वळवाचा भेद करणाऱ्या आपल्या कानांना हे फार गोड वाटते.

वर्षभराने मालिकांकडे वळले. 'कुपा राशीत' ही २०१८ पासूनची विनोदी मालिका एका किराणा-बाजारातल्या गल्ल्यावर घडते. तेथली भांडणे ऐकून रोजची बोली आली. 'श्तीसेल'मध्ये यिद्दिश फार, 'फाउदा'त अरबी फार. शिकाऊ माणसाने त्या मागाहून पाहाव्यात. आणि 'सोफ हाओलाम स्मोला' हा २००४ चा चित्रपट तर मी चार वेळा पाहिला, कारण त्यात भारतातून त्या वाळवंटात गेलेलीच माणसे आहेत. एक पथ्य मात्र पाळले. पडद्यावरच्या ओळी हिब्रूतच ठेवायच्या, इंग्रजी नाही. इंग्रजी ओळी असल्या की डोळे वाचतात आणि कान झोपतात.

७ ऑक्टोबर २०२३ नंतर बातम्यांतले शब्द बदलले. 'अझाका' म्हणजे भोंगा, 'मिकलात' म्हणजे आसऱ्याची जागा. ते वहीत टिपावे लागले नाहीत, आपोआप बसले. हेही कळले की कोणत्याही भाषेचे बातमीपत्र ही एका घराची खिडकी असते. गाझातल्या माणसांचे हाल या खिडकीतून फार थोडे दिसत. त्यासाठी दुसऱ्या खिडकीपाशी जावे लागे.

मग, कशाला?

आता दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. २०२२ पासून माझी मैत्रीण विसरू लागली. आधी माणसांची नावे, मग घरातल्या वस्तू, आणि मग हिब्रू. या दुखण्यात मागाहून शिकलेली भाषा पुष्कळदा आधी जाते आणि आईची भाषा मागे उरते. तिचे यजमान आधीच गेलेले. मुलाची मराठी जेवणातल्या पदार्थांपाशी संपते. तिला सांभाळते ती नात, आणि तिला तर मराठीचा गंधही नाही. ज्या घराला तिने सारे आयुष्य दिले, त्या घरात तिचे बोलणे कोणाला कळेना.

एक दिवस त्या नातीचा मला फोन आला. घाबऱ्या घाबऱ्या म्हणाली, "दोदा, आजीच्या कानात काहीतरी झाले आहे. डॉक्टरांना दाखवले, ते म्हणतात काही नाही. पण ती सारखी कानाला हात लावते." मी विचारले, "कधी लावते?" "रात्री दचकून उठते तेव्हा. मी जवळ जाऊन म्हणते, 'सावता, अनी कान.'" सावता म्हणजे आजी, आणि अनी कान म्हणजे मी येथे आहे. पोर बिचारी धीर देत होती, आणि आजी मराठीत 'कान' ऐकून कान चाचपत होती! मी सांगितल्यावर ती हसू लागली, आणि हसता हसता रडू लागली.

दुसरी गोष्ट अधिक अवघड होती. रोज संध्याकाळी म्हातारी अस्वस्थ होई, बाल्कनीकडे धावे, हातवारे करी. घरच्यांना वाटले, भोंग्यांची धास्ती घेतली. नातीने तिचे बोलणे फोनवर मुद्रित करून मला धाडले. मी ऐकले. अलिबागच्या हेलात ती सांगत होती, "अगं, सर आली, परसातले कपडे आत घ्या!" वाळवंटात, भर उन्हाळ्यात! मी नातीला सांगितले, "आजी म्हणते आहे, गेशेम उतरतो आहे, धुतलेले कपडे आत घ्या." गेशेम हवामानाच्या अंदाजात मिळाला होता, आणि धुण्याला 'क्वीसा' म्हणतात हे साबणाच्या पावडरीच्या जाहिरातीने शिकवले होते. त्या संध्याकाळी नातीने दोरीवरचे चार कपडे काढून आजीच्या मांडीवर आणून ठेवले. आजीने त्यांच्या घड्या केल्या आणि स्वस्थ बसली. तेव्हापासून रोज तिन्हीसांजेला दोरीवर चार कपडे असतात, पाऊस येवो न येवो.

आता दर शुक्रवारी आमचे बोलणे होते. मैत्रीण मला ओळखते असे नाही. पण मराठी ऐकली की तिचा चेहरा निवतो. नातीने एक वही केली आहे. तीत फणी, उशी, पाणी, दुखतंय, असे शब्द हिब्रू अक्षरांत उजवीकडून डावीकडे लिहिले आहेत. 'ळ' तिच्या तोंडात काही केल्या बसत नाही. मी रोज 'कमळ', 'बाळ', 'जवळ' म्हणून घेते. मराठी लवकर कशी येईल, असे तिने मागच्या शुक्रवारी विचारले. मी म्हटले, आकाशवाणीच्या मराठी बातम्या लाव. पहिले तीन महिने काही कळणार नाही, घाबरू नकोस. दिवसाला पाच शब्द घे, आणि आजीला शेजारी बसवून ऐक.