दहा मिनिटांचा विठोबा

शिलाई मशीनच्या फळीवर एक काळा हात पडला होता. कोपरात वाकलेला, वीतभर लांब, कापूस भरून गुबगुबीत झालेला. शेजारच्या काकूंकडे मी टँकरच्या वर्गणीचं विचारायला गेले होते, ते विचारायचं राहिलंच. "विठोबाचा आहे," काकू चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "डावा व्हायचाय अजून. बस की."

पालख्या पुणं सोडून पुढे गेल्या होत्या. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबाच्या देवळातून आणि तुकोबांची नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाकडून निघाली की शहरात एक वेगळीच घाई सुरू होते. बालवाड्यांच्या दिंड्या, सोसायट्यांच्या दिंड्या आणि घरोघरच्या लहानग्यांना विठ्ठल-रखुमाई करायची लगबग. एकादशी पंधरवड्यावर आलेली असते. दुकानांत तयार पोशाख टांगलेले असतात, भाड्यानेही मिळतात. काकूंची नात दहा महिन्यांची. तिला विठोबा करायचं आणि पोशाख घरीच शिवायचा, असं काकूंनी ठरवून टाकलं होतं. मुलीला रखुमाई का नाही, असं खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, तेव्हा काकूंनी दोरा तोडता तोडता उत्तर दिलं, "विठाई म्हणतो ना आपण? मग?"

पुढचे काही दिवस मी त्या हातापायी काकूंकडे जात राहिले.

विठोबाची सगळी ओळख त्या दोन हातांत आहे. मुकुट इतर देवांनाही असतो, पीतांबर कृष्णालाही असतो. विटेवर उभं राहून कमरेवर हात ठेवलेली आकृती मात्र त्याचीच. पंढरपूरच्या मूर्तीच्या हातांत शंख आणि कमळाचा देठ आहे, पण लांबून बघणाऱ्याला दिसतात ती दोन्ही बाजूंना निघालेली कोपरं. दहा महिन्यांचं मूल कमरेवर हात ठेवून उभं कसं राहणार? ते उभं राहतं तेच मुळी पलंगाची कड दोन्ही हातांनी धरून. म्हणून काकूंनी हात शिवायला घेतले. झबल्याच्या खांद्यावर ते टाचायचे, कोपरं बाहेर काढायची आणि पंजे शेल्याच्या आत खोचून कमरेशी पक्के करायचे. बाळाचे खरे हात झबल्याच्या बाह्यांतून नेहमीसारखे मोकळे.

"तिचे हात तिच्याकडे राहू देत," काकू म्हणाल्या. "टाळ्या वाजवेल, नाक चोळेल, काय हवं ते करेल. कमरेवरचे हात मी सांभाळते."

मग पुढचं वाक्य, जे त्यांनी त्या दिवसांत कितीदा तरी म्हटलं. "पुंडलिकाने थांब म्हटलं, देव थांबला. आमची ठकी थांबेल दहा मिनिटं. दहा मिनिटांच्या वर एक मिनिट नाही."

काळ्या कापडाची मोठी परीक्षा झाली. नवं काळं सुती कापड रंग सोडतंच, आणि हे बाळाच्या तोंडात जाणार हे ठरलेलं. काकूंनी ते रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवलं, सकाळी चोळून धुतलं, वाळवलं, आणि मग एक पांढरा रुमाल ओला करून त्यावर जोर लावून घासला. रुमालावर करडा डाग उठला. पुन्हा पाणी, पुन्हा दोरी, पुन्हा रुमाल. रुमाल कोरा निघेपर्यंत त्यांनी कात्री हातात घेतली नाही. बाथरूमपासून गॅलरीपर्यंत ओल्या खळीचा वास भरून राहिला होता.

हाताचा नमुना त्यांनी कालनिर्णयाच्या जुन्या पानामागे काढला. कापड दुहेरी घालून खडूने आखलं, अर्धा इंच माया सोडून कापलं आणि मशीनवर टीप मारली. कोपराच्या आतल्या वळणावर मायेला बारीक काप दिले, नाहीतर उलटवल्यावर तिथे कापड ओढतं आणि हात वाकण्याऐवजी मुरगळल्यासारखा दिसतो. बोटं वेगळी कापली नाहीत. पंजा सलग ठेवून त्यावर हाताने चार धावदोरे घातले की पाच बोटं उमटतात, आणि एकही बोट सुटून यायची भीती राहत नाही. भरायला गादीवाल्याकडून पिंजून आणलेला कापूस. मी पाहिलेला तो पहिला हात त्यांनी दुसऱ्या दिवशी उसवला. "जड आहे," म्हणाल्या. मला हातात धरून त्यात काहीच वजन जाणवलं नव्हतं. त्यांनी तो माझ्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "आता तू आठ किलोची आहेस असं धर." दोन मुठी कापसाची एक मूठ झाली. कोपराला आकार राहावा म्हणून आत तार घालावी असं त्यांच्या मुलाने सुचवलं होतं. त्यावर त्या काही बोलल्याच नाहीत. कोपराच्या आत एक चुणी घेऊन ती चार टाक्यांनी पक्की केली. हात वाकला आणि वाकलेलाच राहिला.

काकूंचं माहेर पंढरपूरचं. देवाला रोज दुपारनंतर नवा पोशाख चढतो, तो बघत त्या वाढल्या. मशीनचा पाय चालू ठेवून त्या मला देवाच्या कपड्यांचं वर्ष सांगत होत्या. वसंतपंचमीपासून रंगपंचमीपर्यंत पांढरा पोशाख. गुढीपाडव्यापासून मृगापर्यंत उन्हाळा म्हणून चंदनउटी. थंडीत शाल, रजई आणि कानाला पट्टी. आषाढीच्या दिवसांत तर देव झोपतच नाही, दर्शन रात्रंदिवस चालू, म्हणून शेजघरातला पलंग काढून ठेवतात आणि उभ्या देवाच्या पाठीशी कापसाचा मऊ लोड देतात. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा. त्या दिवशी देवाला गरम पाण्याने स्नान घालतात आणि शीण जावा म्हणून रात्री काढा देतात.

"दगडाच्या पाठीला लोड देतात," काकू म्हणाल्या आणि टीप संपवून दोरा तोडला. "ही तर हाडामांसाची आहे."

हे ऐकल्यावर मला त्यांच्या शिवणाचा क्रम कळला. बाजारातला पोशाख फोटोपासून मागे मागे येत शिवलेला असतो. फोटोत काय चमकेल, काय उठून दिसेल, ते आधी ठरतं, बाळ शेवटी आत घातलं जातं. काकू बाळापासून सुरू करत होत्या. एका नातेवाइकाने हौसेने तयार पोशाख आणून दिला होता. काकूंनी तो माझ्यासमोर उलटा केला. आतून जरीच्या कापडाची कच्ची, दोरे सुटलेली कड, मुकुटाच्या घेरात पुठ्ठा, चमक्या गोंदाने चिकटवलेल्या, कमरेला करकचून इलॅस्टिक. "गालाला लाव," म्हणाल्या. मी लावला. गाल खाजला आणि खाजतच राहिला. आषाढातली दमट हवा, घामोळ्यांचे दिवस, आणि दहा महिन्यांचं मूल हे अंगात घालून दिव्यांसमोर बसणार. हे पोशाख कोणी दुष्टपणाने शिवत नाही, स्वस्तात झगमगाट हवा असतो हे मला कळतं. तरी ते बाळाचे कपडे आहेत असं मी म्हणणार नाही.

मापं घेताना बाळ झोपेत होतं. छाती साडेसतरा इंच, डोक्याचा घेरही साडेसतरा. जन्मतः डोकं छातीपेक्षा मोठं असतं, वर्षाच्या आसपास दोन्ही सारखी होतात आणि पुढे छाती वाढत जाते. म्हणजे या वयात छातीला बसणारा कपडा डोक्यावरून घालायचा तर गळा छातीइतकाच मोठा हवा, आणि तसा केला तर झबलं खांद्यावरून उतरतं. बाळं कपडे घालताना रडतात त्यातलं निम्मं रडणं या मापाचं असावं. काकूंनी पाठ पूर्ण उघडी ठेवली. हात पुढून घालायचे आणि मागे तीन ठिकाणी कापडी बंद बांधायचे. "डोक्यावरून ओढायचं म्हणजे दहातली पाच मिनिटं तिथेच गेली."

पीतांबर सोपा होता. धुऊन धुऊन मऊ झालेली त्यांची पिवळी नारायणपेठ साडी, तिची चोळणी, पुढे निऱ्या शिवूनच टाकलेल्या, आतून मलमलचं अस्तर, मध्ये टिचबटणं म्हणजे लंगोट बदलता येईल.

मुकुट त्यांनी बुटका केला. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, नवजात बाळात तर एकूण लांबीचा चौथा हिस्सा. त्यावर मूर्तीसारखा उंच मुकुट चढवला की मान डुगडुगते आणि खालचं तोंड हरवतं. टोपड्याच्या वर बकरम घालून चार बोटं उंचीची पिवळी पट्टी उभी केली, तोच मुकुट. टोपड्याच्या कानांवर फेल्टचे दोन मासे टाचले, ती मकरकुंडलं. कपाळावरचं गंध टोपड्याच्या पट्टीवरच भरतकामाने काढलं. अंगाला काही लावायचं नाही, तोंड रंगवायचं नाही, हे त्यांनी सुनेला आधीच सांगून ठेवलं होतं. सून हसून म्हणाली, "आई, मी कशाला रंगवतेय तिला?"

तुळशीच्या माळेपाशी मात्र त्या बराच वेळ थांबल्या. माळ गळ्यात हवी, तिच्यावाचून विठोबा नाही. पण लोंबणारी माळ बाळाच्या गळ्यात नको. मणी ओवलेली तर नकोच नको. त्यांचा एक नियम होता, लिंबापेक्षा लहान असं काहीही सुटं ठेवायचं नाही. मी घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं की ३ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठीही असंच माप आहे. सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाच्या छोट्या नळकांड्यात जो सुटा तुकडा पूर्ण मावतो, तो धोक्याचा मानतात. युरोपातल्या मानकात ७ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कपड्यांना गळ्यापाशी नाडी चालत नाही. काकूंना हे आकडे मी सांगितले. त्यांनी मान हलवली आणि हिरव्या सुती कापडाची पानं कापत राहिल्या. ती पानं त्यांनी झबल्याच्या छातीवर माळेच्या आकारात सपाट शिवली, प्रत्येक पानाला देठापासून टोकापर्यंत टीप. लांबून माळ दिसते. ओढली तर झबलंच ओढलं जातं. रात्री जेवणं झाल्यावर दिव्याखाली बसून त्यांनी ते काम केलं. मी समोर बसून दोरा ओवून देत होते, कारण सुईचं नेढं त्यांना आता दिसत नाही.

"एवढं सगळं दहा मिनिटांसाठी?" त्यांच्या मुलाने एकदा विचारलं. त्यात काळजी होती, आईच्या पाठीची. काकूंनी मशीन थांबवलं. "दहा मिनिटं माझी असती तर कसंही चाललं असतं. तिची आहेत."

एकादशीला सकाळी आंघोळ, दूध, झोप सगळं उरकल्यावर, म्हणजे बाळाची मर्जी सगळ्यात चांगली असते त्या वेळी, पोशाख चढवला. बंद बांधून होईपर्यंत तिला काही कळलंच नाही. विटेच्या जागी विटकरी खणाची घट्ट उशी, तिच्यावर तिला बसवलं. विठोबा बसलेला कुठे असतो, असं कोणी म्हणालं नाही. पंख्याखाली, खिडकीच्या उजेडात, दिवा न लावता. आणि खरोखरच तो विठोबा होता. रुंद खांदे, बाहेर निघालेली कोपरं, खाली शांत पडलेला पीतांबर, वर बुटका मुकुट आणि त्याखाली ते टपोरं तोंड. काकूंनी हात जोडले. मी आजवर कितीतरी मुलांना देव केलेलं पाहिलंय, त्या सगळ्या वेळी माझं लक्ष कपड्यांकडे गेलं होतं. या वेळी गेलं नाही.

मग बाळाला स्वतःच्या कमरेवरचा काळा पंजा सापडला. तिने तो शेल्यातून उपटला, दोन्ही खऱ्या हातांनी धरला आणि तोंडात घातला. सून फोटो काढत होती, ती पुढे झाली, तर काकूंनी तिला अडवलं. "चावू दे. धुतलाय मी." मोठ्या समाधानाने बाळाने विठोबाचा हात चावला. कुठे रंग नाही, सुटा धागा नाही, टोचणारं काही नाही. दहा मिनिटं होऊन गेली तरी ती रडली नव्हती. काकूंनी तरी पोशाख उतरवला. ठरलेली वेळ म्हणजे ठरलेली वेळ.

दोन दिवसांनी गेले तेव्हा काकू काळ्या झबल्यावरची पानं उसवत होत्या. पहिल्या संक्रांतीला बाळ जेमतेम चार महिन्यांचं होतं, घरात आजारपण होतं, बोरन्हाण राहून गेलं. ते आता येत्या जानेवारीत करायचं, आणि त्याला काळं झबलं लागतंच. शिवतानाच त्यांनी बगलेत आणि खाली दोन-दोन बोटं जास्त माया आत दुमडून ठेवली होती. ती सोडली की सोळा महिन्यांच्या अंगाला ते बसेल, असा त्यांचा हिशेब. हलव्याचे दागिने वर घालायचे, तर त्यांची गाठ कुठे मारायची आणि साखर अंगाला टोचू नये म्हणून खाली काय लावायचं, एवढं ठरायचं होतं. "मलमलचा तुकडा उरलाय का बघ त्या पिशवीत," त्या मला म्हणाल्या. "आणि टेप दे. बाही पुरेल ना गं तोवर?"