भूकंप थांबला, तरी झोप का येत नाही?

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. पहाटे ३.५६ ला धरणी हादरली आणि धाराशिव जिल्ह्यातलं सास्तूर झोपेतच ढिगाऱ्याखाली गेलं. अशा प्रसंगातून वाचलेल्यांना तोच क्षण पुन्हा पुन्हा दिसतो, छताखाली झोपायची भीती वाटते. सुरुवातीला हे स्वाभाविकच. पण महिना उलटूनही त्रास थांबेना, रोजची कामं अडू लागली, तर तो ‘पीटीएसडी’ असू शकतो.

याचं निदान रक्ततपासणीत होत नाही. मानसोपचारतज्ज्ञ सविस्तर बोलूनच करतात. त्यामुळे नुसती झोपेची गोळी मागून घेतली, की मूळ आजार तसाच राहतो. मुख्य उपचार म्हणजे टाळलेली आठवण तज्ज्ञाच्या मदतीने हळूहळू हाताळणं. गरज पडल्यास सर्ट्रालिनसारखं औषध. टेली-मानसच्या १४४१६ वर मराठीत मोफत बोलता येतं.