लापशीची चव सांगणारे नातवंड

अहिल्यानगर जिल्ह्यातील अनेक जैन व्यापारी घरांत मंगल कार्याचा आरंभ लापशीने होतो. दिवाळीचे वहीपूजन असो, नव्या दुकानाचा मुहूर्त असो वा नव्या सुनेचे स्वागत, चुलीवर प्रथम लापशीचे पातेले चढते. मारवाडातून पिढ्यांपूर्वी आलेल्या या कुटुंबांनी घरात मारवाडी आणि पेढीवर मराठी जपली. लापशीचेही तसेच झाले. रीत मारवाडची राहिली, गूळ मात्र इथला आला. 1926 साली भंडारदरा धरण पूर्ण झाले आणि कालव्यांच्या पाण्यावर श्रीरामपूर, राहुरी भागात ऊस डोलू लागला.

कृती दिसावयास साधी. गव्हाचा जाडसर रवा तुपात मंद आचेवर तांबूस होईपर्यंत भाजावयाचा, गुळाचे गाळलेले उकळते पाणी त्यावर ओतावयाचे आणि झाकण ठेवून दाणा फुलू द्यावयाचा. वरून वेलची, खोबरे, बदामाचे काप. सारे कसब भाजण्यात आहे. रवा कच्चा राहिला तर लापशी चिकट होते, करपला तर कडवट.

परंतु अनेकांच्या आठवणीत राहते ती लापशीपेक्षा ती करणारी आजी, कारण ती स्वतः लापशी खात नसे. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि तळलेले पदार्थ या सहा विगयांपैकी एखादीचा त्याग करण्याची परंपरा आपल्याकडे आहे. कोणी चातुर्मासापुरता गूळ सोडते, कोणी जन्मभरासाठी. 1900 साली चिचोंडीत जन्मलेल्या आणि 1913 साली कोवळ्या वयात मिरी येथे दीक्षा घेतलेल्या आचार्य आनंदऋषिजींच्या या जिल्ह्यात त्यागाचा संस्कार स्वयंपाकघरापर्यंत सहज पोहोचला होता.

गुळाचे पचक्खाण घेतलेली आजी लापशी चाखणार कशी? ती एखाद्या नातवंडाला हाक मारी, वाटीत चमचाभर लापशी देई आणि गोडी बरोबर उतरली का, हे विचारी. मूल मान डोलावी, मगच पातेले खाली उतरे. स्वतः सोडलेला पदार्थ इतरांसाठी मनापासून, तूप सढळ हाताने घालून करावयाचा, हा धडा त्या मुलाला व्याख्यानाविना मिळे. त्यागात रुक्षपणा नसतो, हे त्याला त्या चमच्यातून कळे.

दुसरा धडा वाटपाचा. ओलसर शिजवलेले अन्न रात्र उलटल्यावर बासी मानले जाते आणि सूर्यास्तानंतर चौविहार, त्यामुळे लापशी त्याच दिवशी संपविणे भाग असे. दुपारीच डबे निघत. मुनीमजींकडे, हमालांकडे, शेजारच्या मराठी घरी. साठविता न येणारा गोड पदार्थ वाटूनच खावा लागतो.

आज सणाला मिठाईची खोकी येतात. ती आठवडाभर टिकतात, म्हणून कपाटात राहतात. लापशी अद्याप होते, पण पुष्कळ घरांत तिचे प्रमाण एकाच वृद्ध हाताला ठाऊक असते. ते हात थांबण्यापूर्वी सुनांनी आणि नातवंडांनी, मुलग्यांनीही, एकदा त्या पातेल्याजवळ उभे राहावे. वाटीचे माप वहीत लिहून घेता येईल. रवा कोणत्या रंगावर आला की गुळाचे पाणी ओतावयाचे, हे मात्र आजीच्या शेजारी उभे राहूनच शिकावे लागेल.