भिंतीतून येणारा आवाज: इन-वॉल स्पीकर आणि सबवूफर निवडताना

वडोदऱ्याला माझ्या मामाने नवा फ्लॅट घेतला, तेव्हा हॉलमध्ये होम थिएटर करायचं हे घरात सगळ्यांना मान्य होतं. मामीची अट एकच होती, जमिनीवर एकही स्पीकर दिसता कामा नये. आजीची तक्रार मात्र वेगळी होती. ‘‘गाणी ऐकू येतात रे, पण माणसं काय बोलतात ते कळत नाही,’’ असं म्हणून ती अर्ध्या सिनेमातून उठून जायची. मग भिंतीतच बसणारे, म्हणजे इन-वॉल स्पीकर घ्यायचं ठरलं. गवंड्याने टीव्हीच्या डाव्या बाजूला छिन्नी मारायला सुरुवात केली आणि थोडं आत जाताच लोखंडी सळई दिसली. तो इमारतीचा कॉलम होता. काम तिथेच थांबलं, स्पीकर खोक्यातच राहिले आणि नव्या रंगाच्या भिंतीवर पुढचे दोन महिने एक खड्डा दिसत राहिला.

तुमच्या घरात असं होऊ नये यासाठी स्पीकर विकत घेण्याआधीच काही गोष्टी जाणून घ्या.

आधी भिंत ओळखा

इन-वॉल स्पीकर मुळात अमेरिकेतल्या घरांसाठी सोयीचे आहेत. तिथल्या भिंती लाकडी चौकटीवर जिप्सम बोर्ड लावून केलेल्या असतात आणि आत साधारण साडेतीन इंचांची पोकळी असते. आपल्याकडे आतल्या भिंती बहुधा साडेचार इंची विटांच्या किंवा ब्लॉकच्या असतात. ३ ते ४ इंच खोलीचा स्पीकर त्यात बसवायचा म्हणजे भिंत जवळजवळ आरपार कापावी लागते. नव्या टॉवरमध्ये तर अनेकदा भिंतीच काँक्रीटच्या असतात. कॉलम, बीम आणि काँक्रीटच्या भिंतीला हात लावायचा नाही, हा नियम पक्का समजा. बिल्डरकडून किंवा सोसायटीकडून फ्लॅटचा नकाशा मागून घ्या आणि काम सुरू करण्यापूर्वी सोसायटीला लेखी कळवा.

यावर सोपा उपाय म्हणजे टीव्हीच्या मागे पॅनलची खोटी भिंत. मेटल चॅनलवर जिप्सम बोर्ड किंवा प्लायवूड लावून ५ इंचांची पोकळी केली की स्पीकर, वायर आणि टीव्हीचं ब्रॅकेट असं सगळं त्यात सामावतं. पोकळीत ग्लास वूल भरा, म्हणजे पॅनल थरथरणार नाही. बाथरूमला लागून असलेल्या किंवा पावसाचा मारा झेलणाऱ्या भिंतीवर पॅनल करण्याआधी ओल नाही ना, हे नक्की पाहा.

पैसे पुढच्या तीन स्पीकरवर खर्च करा

५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर. त्यात सगळ्यात महत्त्वाचा असतो मधला, म्हणजे सेंटर स्पीकर. सिनेमातले बहुतेक संवाद त्यातूनच येतात. दुकानदार मोठ्या सबवूफरचा धमाका ऐकवतो आणि आपण भुलतो, पण घरातल्या आजी-आजोबांना संवाद कळणार की नाही हे सेंटर ठरवतो.

डावा, उजवा आणि मधला हे तिन्ही स्पीकर एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले घ्या. नाहीतर पडद्यावरची गाडी डावीकडून उजवीकडे जाते आणि तिचा आवाज मध्येच बदलतो. उंची ठरवताना सोफ्यावर बसा आणि जमिनीपासून तुमच्या कानापर्यंत मोजा. ती साधारण ३ ते साडेतीन फूट भरते. स्पीकरमधला छोटा गोल भाग, म्हणजे ट्वीटर, शक्यतो त्याच उंचीवर हवा. सेंटर टीव्हीखाली बसवावा लागला, तर ट्वीटर वरच्या दिशेला वळवता येईल असं मॉडेल घ्या. सोफा टीव्हीपासून १० फुटांवर असेल, तर डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये ८ ते ११ फूट अंतर ठेवा.

उरलेले दोन सराउंड स्पीकर सोफ्याच्या बाजूला, किंचित मागे आणि कानापेक्षा फूट-दोन फूट वर येतात. ते थोडे स्वस्तातले घेतले तरी चालतं. फॉल्स सीलिंग करणार असाल, तर छतातले दोन स्पीकर नंतर वाढवता येतात. पण पुढचे तीनही छतात बसवू नका, नाहीतर हिरो समोर दिसेल आणि बोलेल मात्र पंख्याजवळून.

खोक्यावरचे आकडे

मोठ्या अक्षरात लिहिलेल्या वॉटवर जाऊ नका. सेन्सिटिव्हिटीचा आकडा पाहा. तेवढाच मोठा आवाज काढायला ८७ डेसिबलच्या स्पीकरला ९० डेसिबलवाल्यापेक्षा दुप्पट वीज लागते. दुसरा आकडा ओहमचा. स्पीकर ४ ओहमचे असतील, तर तुमचा रिसीव्हर ते पेलतो का, हे आधी विचारा. ८ ओहमच्या स्पीकरला सहसा अडचण येत नाही. मागे बंद डबा असलेले स्पीकर मिळाले तर उत्तम. आवाज पलीकडच्या खोलीत कमी जातो आणि पोकळी कशीही असली तरी फारसा फरक पडत नाही.

सबवूफर भिंतीत नको

सबवूफरही भिंतीत बसणारा मिळतो. मोह होईल, पण फ्लॅटमध्ये तो टाळा. तो भिंतच हलवतो आणि ती थरथर शेजारच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांपर्यंत पोहोचते. जमिनीवरचा सबवूफर घ्या, त्याखाली जाड रबरी पॅड ठेवा. १२ बाय १५ फुटांच्या हॉलला १० इंची सबवूफर सहसा पुरतो. बंद डब्याचा सबवूफर आकाराने लहान असतो आणि त्याचा आवाज आटोपशीर येतो. भोकवाला, म्हणजे पोर्टेड, जास्त घुमतो पण जागाही जास्त खातो.

त्याला कुठे ठेवायचं? ४० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट सुमारे साडेआठ मीटर लांब असते, म्हणजे आपल्या हॉलपेक्षाही मोठी. ती भिंतींवर आपटून परत येते, म्हणून एका जागी कान बधिर होतात आणि दोन पावलांवर काहीच ऐकू येत नाही. यावर एक गमतीशीर युक्ती आहे. सबवूफर सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा. ढोलक किंवा बेसचा सलग ठेका असलेलं गाणं लावा आणि भिंतीच्या कडेने रांगत फिरा. जिथे ठेका स्वच्छ आणि एकसारखा ऐकू येईल, ती सबवूफरची जागा. मुलांना हे काम फार आवडतं!

८० हर्ट्झच्या खालचा आवाज नेमका कुठून येतो, हे कानाला सहसा ओळखता येत नाही. त्यामुळे सबवूफर साइड टेबलमागे असला तरी बिघडत नाही. रिसीव्हरमध्ये क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवून सुरुवात करा.

प्लास्टरआधी वायर

वायर नुसती भिंतीत पुरू नका, पीव्हीसी पाइपमधूनच न्या. विजेच्या वायरसाठी वेगळा पाइप ठेवा. शुद्ध तांब्याची १६ गेजची वायर साधारण हॉलला पुरते, लांब अंतराला १४ गेज घ्या. एचडीएमआयचा पाइप रुंद ठेवा, कारण ती केबल काही वर्षांनी बदलावी लागते. सबवूफरसाठी दोन वेगवेगळ्या जागी पाइप आणि प्लग पॉइंट काढून ठेवा. पाइप बंद होण्यापूर्वी सगळ्या भिंतींचे टेप लावून फोटो काढा. पुढे खिळा ठोकताना तेच उपयोगी पडतील.

शेजारधर्म

रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी भागासाठी आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसा ५५. रिसीव्हरमध्ये नाइट मोड असतो. तो स्फोटाचे आवाज दाबतो आणि संवाद वर आणतो. पाहुण्यांना धमाका ऐकवायचा असेल, तर रविवारची दुपार बरी.

शेवटी मामाने ५ इंचांचं पॅनल केलं. खड्डा त्याच्यामागे झाकला गेला. सबवूफर ठरवलं होतं त्यापेक्षा लहान घेतला आणि वाचलेले पैसे सेंटर स्पीकरला लावले. पहिल्या दिवशी रिसीव्हरमध्ये सेंटरचा आवाज ३ डेसिबलने वाढवला आणि जुना कृष्णधवल सिनेमा लावला. आजी शेवटपर्यंत बसली. मध्येच मामा फोनवर बोलायला लागला, तर तीच म्हणाली, ‘‘हळू बोल रे, त्यांचं बोलणं ऐकू दे.’’